पाचव्या वर्गातली घोडी

बुधवार, १० नोव्हेंबर १९९९. भाऊबीज.

माझ्या साडूने घोडी घेतली. टांग्याची नव्हे, शर्यतीची.

निर्मळला सासऱ्यांकडे सगळे जमलो होतो. ओवाळणी झाली, पानं मांडायची वेळ झाली आणि श्रीरंगरावांनी खिशातून फोटो काढला. तपकिरी रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका असलेली घोडी. नाव कोरल बे. चौघांनी मिळून घेतलीय, त्यातला एक वाटा आमच्या श्रीरंगरावांचा. फोटो हातोहात फिरला. सासऱ्यांनी तर चष्मा पुसून तो पुन्हा मागितला. मला तालुक्याचा आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हाचा फोटो त्यांनी एकदाच पाहिला होता, तोही बिनचष्म्याने.

हा माणूस मुळात गवतवाला. विरारला गवताचं गोदाम. मनोरकडचं गवत घ्यायचं, गासड्या बांधायच्या आणि मुंबईच्या तबेल्यांना पुरवायच्या. त्यातच वर आला आणि परळला फ्लॅट घेऊन बसला. संपदाचं त्याच्याशी ठरलं तेव्हा माझी बायको वसुंधरा आठवडाभर कुरकुरत होती, की बहिणीला जरा शिकलेलं स्थळ बघायला हवं होतं. आज तीच फोटो हातात धरून "डोळे किती शहाणे आहेत गं हिचे" म्हणत होती.

सगळ्यात जास्त लागलं ते अशूचं. अश्लेषा, माझी एकुलती एक मुलगी, यंदा बारावीला आहे. सगळी दिवाळी पुस्तकात डोकं घालून बसलेली, ती उठून थेट त्याच्या शेजारी जाऊन बसली. "काका, तू मला दाखवायला नेशील?"

मला ती तुम्ही म्हणते. त्याला तू.

"नेईन की. पण आधी बाबांना विचार," तो म्हणाला. म्हणजे नाही म्हटलं तर वाईट मी. मी हो म्हटलं. श्रीखंड जेमतेम एक वाटी गेलं.

रविवार, १४ नोव्हेंबर

अशू परळला जाऊन तबेला बघून आली. अंगाला घोड्याचा वास. जेवताना, महिनाभरात बोलली नसेल तेवढं बोलली. घोडीचे खूर कसे तपासतात, दात बघून वय कसं ओळखतात, घोडीला सांभाळणारा नथू सईस तिच्याशी कसा बोलतो. नथू अर्नाळ्याचा आहे म्हणे. मी एकही प्रश्न विचारला नाही. विचारायचे होते, पण विचारले असते तर त्या माणसाची पोथी मीच वाचायला घेतल्यासारखं झालं असतं.

वसुंधराने मात्र विचारलं, "मावशीचं घर कसं लावलंय गं आता?"

"छान. मागच्या खोलीला निळा रंग दिलाय. खोली रिकामीच आहे, छताला नुसती एक कडी आहे. मावशी म्हणाली, अभ्यासाला ये इथे, शांत असतं."

दोन माणसांना तीन खोल्या आणि एक नुसती रंगवून ठेवलेली. लग्नाला बारा वर्षं झाली तरी भपक्याची हौस फिटत नाही. मी हे बोलून दाखवलं तर वसुंधराने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पाण्याचा पेला उचलला.

गुरुवार, २ डिसेंबर

तीन दिवस नीट झोप नाही. सोमवारी अशू म्हणाली, "कोरल आता पाचव्या वर्गात पळणार." झालं! म्हणजे पहिली, दुसरी, तिसरी, चौथी भराभर ओलांडून पाचवीत गेली. आणि मी अठ्ठावीस वर्षं आगाशीच्या शाळेत गणित शिकवतोय, अजून उपमुख्याध्यापकसुद्धा नाही.

आज संध्याकाळी कुंपणाशी बेसिल भेटला. त्याची केळीची वाडी माझ्या वाडीला लागून. गोदीतून निवृत्त झाला, पण तरुणपणापासून महालक्ष्मीला जाणारा माणूस. सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय रे, पाचव्या वर्गातली घोडी म्हणजे फार मोठी असते का?"

तो इतका हसला की त्याची बायको आल्बिना घरातून बाहेर आली. "मास्तर, तुमची शाळा हितं उलटी हाय. पयला वर्ग सगळ्यात वरचा. पाचवा सगळ्यात खालचा. जिंकली की वर, हरली की खाली."

मी तिथेच आल्बिनाकडून चहा मागून घेतला. इतका गोड चहा बऱ्याच दिवसांत प्यायलो नव्हतो. घरी येऊन वसुंधराला सांगितलं, तर म्हणते, "मग? घोडी खालच्या वर्गात आहे म्हणून तुम्हाला भजी करून देऊ का?"

नको म्हणालो. खरं तर चालली असती.

रविवार, १९ डिसेंबर

बेसिलबरोबर महालक्ष्मीला गेलो. घरी सांगितलं की बोरिवलीला पेपर तपासण्याची सभा आहे.

जायचं कारण एवढंच, की कुठल्याही विषयावर बोलायचं तर तो मुळापासून यायला हवा. बेसिलने सगळं समजावलं. एक असते मेडन, म्हणजे आजवर एकही शर्यत न जिंकलेल्यांची. बालवर्ग म्हणू या. एक असते टर्म्स, तिथे वय आणि आधीच्या जिती बघून वजन ठरतं. मोठ्या मानाच्या क्लासिक शर्यती एकाच वयाच्या निवडक घोड्यांच्या, सगळ्यांना सारखं वजन, घोडीला तेवढी थोडी सूट, आणि आयुष्यात संधी एकदाच. ही बोर्डाची परीक्षा. उरलेल्या बहुतेक शर्यती हँडिकॅपच्या. प्रत्येक घोड्याला गुण दिलेले असतात, त्या गुणांवरून पाच वर्ग पाडतात आणि गुणांवरूनच पाठीवरचं वजन ठरवतात. स्वाराचं वजन कमी भरलं तर खोगिराच्या खिशात शिसं घालतात. इथवर मला समजलं. पुढे तो बरंच काही सांगत होता, पण माझं लक्ष उडालं, कारण समोर ते दिसले.

शर्यतीआधी घोडे गोल फिरवतात त्या जागी, हिरवळीवर, मालकांसाठी राखलेल्या भागात श्रीरंगराव उभे. सुटाबुटात. शेजारी संपदा. मधे माझी अशू, वसुंधराने दिवाळीला शिवलेल्या जांभळ्या ड्रेसमध्ये. आम्ही कठड्याच्या अलीकडे, शेंगांच्या टरफलांत. कोणीतरी फोटो काढत होतं. तो फोटो बघणाऱ्याला वाटेल, आई, बाप आणि मुलगी.

कोरलची शर्यत आज नव्हतीच. ते दुसऱ्या कुणाची घोडी बघायला आले होते. तरी मी उरलेल्या दोन शर्यती न बघता निघालो. बेसिल पुटपुटत मागून आला.

शनिवार, २२ जानेवारी २०००

आज आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. बायका आत, आम्ही पुरुष ओटीवर. सासरे, बेसिल, शेजारचे दोघंतिघं. श्रीरंगराव अजून यायचे होते. कोरलची शर्यत उद्या, आणि बेसिलने रेसबुक आणलेलं. मी ते उघडलं. पाचवा वर्ग, दहा घोडे, आणि सगळ्यात वर कोरल बे, वजन साठ किलो. बाकी कुणाला सत्तावन्न, कुणाला त्रेपन्न, खालच्याला तर पन्नाससुद्धा नाही.

मला राहवलं नाही. म्हटलं, "बघा, आमच्या साडूंची घोडी. आधीच सगळ्यात खालच्या वर्गात, त्यात सगळ्यात जास्त ओझं तिच्याच पाठीवर. बिचारीला काही किंमतच नाही तिथे." सासरे हळहळले. बाकीचे हसले. मी वर आणखी म्हणालो, "गवताच्या भाऱ्यांची सवय असेल म्हणून घातलं असेल ओझं." पुन्हा हसले.

अशू तिळगुळाचं ताट घेऊन दारात उभी होती. ताट ठेवून तिथेच बसली आणि मान खाली घालून हातातल्या लाडवातले तीळ एकेक करून वेचत राहिली. तिला काकाचं वाईट वाटलं असणार.

बेसिलही त्या वेळी गप्प होता, पण लोक गेल्यावर थांबला. "मास्तर, साठ किलो म्हंजे काय ठावं हाय? त्या वर्गात तीच सगळ्यात चांगली. जी चांगली तिलाच जास्त वजन. सगळे एका रेषेत यावेत म्हनून. सांगितलं होतं त्या दिवशी, पन तुमचं ध्यान कुठं होतं?"

"मग ओटीवर का नाही बोललास?"

"तुमच्या घरात, तुमच्या सासऱ्यासमोर? आणि तुमची पोरगी नाही बोलली, तर मी कशाला बोलू? तिला तर सगळं पाठ हाय."

म्हणजे अशूला ठाऊक होतं. माझी कीव केली तिने. माझ्या जागी तो असता तर तिने हसत हसत चूक दाखवली असती, "काका, काहीतरीच काय बोलतोस." माझ्या वाट्याला तेवढंही नाही.

रविवार, २३ जानेवारी

कोरल दुसरी आली. अगदी थोडक्यात हुकली म्हणतात. पण पुढच्या डाव्या पायात गरमी भरलीय, म्हणजे पाय दुखावलाय. मला आनंद झाला नाही. झाला असता तर इथे लिहिला असता, ही वही दुसरं कोण वाचतंय?

थोडा झाला.

रविवार, ६ फेब्रुवारी

तबेल्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय, घोडीला काही आठवडे समुद्राच्या पाण्यात चालवा, खाऱ्या पाण्याने पायाची गरमी उतरते. श्रीरंगराव सासऱ्यांकडे जागेची चौकशी करत होते. अर्नाळ्याला सोय होईल का, कुणाचं आवार मिळेल का. अशूचा चेहरा लगेच उजळला. अर्नाळ्याला म्हणजे ही रोज सकाळ-संध्याकाळ तिकडे पळणार. बारावी तोंडावर.

मी तिथल्या तिथे विचार केला आणि म्हटलं, "श्रीरंगराव, परकं आवार कशाला? नंदाखालला आमच्या वाडीत ठेवा. विहीर आहे, सावली आहे, भुईगावचा किनारा जवळ आहे."

सगळे माझ्याकडे बघत राहिले. संपदाच्या डोळ्यांत पाणीच आलं. "भाऊजी, तुम्ही म्हणजे ना..." श्रीरंगराव उठून माझ्या पाया पडू लागले, मी धरलं. कुणाच्या लक्षात आलं नाही की घोडी माझ्या अंगणात असली म्हणजे पोरगीही माझ्याच अंगणात राहील. परळच्या वाऱ्या बंद.

येताना वसुंधरा म्हणाली, "आज पहिल्यांदा तुम्ही त्याच्याशी माणसासारखे वागलात."

रविवार, २० फेब्रुवारी

घोडी केळींच्या शेजारी, जुन्या गोठ्यात. नथू ओसरीत झोपतो. पहिल्या दिवशी तिने माझ्या शर्टाची बाही चावून ओढली. नथू म्हणाला, "ओळख करते सायेब. ज्याच्याशी पटतं त्यालाच करते." आता सकाळी मी दूध घ्यायला उठतो तेव्हा गोठ्यातून फुरफुरते. मी तिला केळ्याची साल देतो. साल फेकूनच द्यायची असते.

आज भुईगावला गेलो. नथू घोडीला गुडघाभर पाण्यात नेऊन पुढे-मागे फिरवत होता, अशू काठाने तिच्या पावलांकडे बघत चालत होती. वहीत काहीतरी टिपत होती, कुठला पाय आधी टाकते, कुठल्या वेळी अडखळते. अभ्यासात इतकी मन लावून बसते का, याची मला शंका आहे.

श्रीरंगराव माझ्या शेजारी वाळूत बसले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. बराच वेळ तिच्याकडेच बघत होते. मग म्हणाले, "दादा, किती नशीबवान तुम्ही."

मी म्हटलं, "घोडी तुमची आणि नशीबवान मी?"

ते नुसते हसले. श्रीमंतांना असलं बोलायला आवडतं.

शुक्रवार, १० मार्च

आज घरात रणकंदन झालं. संपदा अशूला परीक्षेसाठी दही घेऊन आली होती. बोलता बोलता म्हणाली, "भाऊजी, तिला जनावरांचं डॉक्टर व्हायचंय. परळचं कॉलेज आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं. मागची खोली रिकामीच आहे."

म्हणजे कटच होता. आधी फोटो, मग तबेला, मग निळा रंग. मी म्हटलं, "आमची मुलगी इथे विरारला बीएस्सी करणार, गणित घेऊन, आणि कॉलेजात पहिली येणार. नंतर माझ्यासारखी शिक्षिका होईल. ढोरांच्या शेपट्या धरायला मी तिला शिकवलेलं नाही. तुमच्या यजमानांनी हे तिच्या डोक्यात भरवलंय."

संपदा पांढरी पडली. "त्यांनी? त्यांनी तर मला बजावलं होतं की हा विषय काढू नकोस, दादांना ठरवू दे. मीच..." ती पर्स उचलून निघाली.

वसुंधरा दारापर्यंत गेली, परत आली आणि म्हणाली, "तुमच्या पोटात दुखतंय ते सरळ सांगा ना."

"माझं पोट ठीक आहे."

"बारा वर्षं ती बाई आपल्या पोरीचे वाढदिवस लक्षात ठेवते. आपण कधी तिच्या घरी मुक्कामाला गेलो नाही, का ते विचारलंत कधी स्वतःला?"

मुक्कामाला जायला तिथे पाणी कमी येतं. हे मी तिला सांगितलं. अशूचा गणिताचा पेपर सोमवारी आहे.

बुधवार, १२ एप्रिल

कोरल गेल्या महिन्यात तबेल्यात परत गेली. गोठा मोकळा झाला. सकाळी दूध आणायला जाताना हातात साल धरून तिथवर गेलो, मग आठवलं.

आज श्रीरंगराव मुद्दाम आले. मोसमातली शेवटची शर्यत पंधरवड्याच्या आत आहे. कोरलचे गुण आता चोवीस. आणि इथे एक गंमत आहे, जी मलाही आता पाठ झालीय. वर्गांच्या कडा एकमेकांवर चढवलेल्या असतात. चोवीस गुणांची घोडी पाचव्या वर्गात सगळ्यात वरच्यांपैकी, किंवा चौथ्यात अगदी खालच्यांपैकी. पाचव्यात पळाली तर समोर दुबळे घोडे, पण पाठीवर साठाच्या आसपास. चौथ्यात पळाली तर समोर तगडे, पण वजन पन्नासच्याही आत. ट्रेनर म्हणाला, मालकांनी ठरवा. बाकीचे तीन वाटेकरी म्हणाले, श्रीरंग, तू ठरव.

"आणि मी म्हटलं, दादांना विचारतो. गणित तुमचं."

मला उत्तर लगेच दिसत होतं. मागच्या वेळी साठ किलो घेऊन ती थोडक्यात हरली. त्या वेळच्या घोड्यांत दम नाही, पाचव्यात ती या वेळी जिंकणार. जिंकली की मालक घोडीचा लगाम धरून उभा राहतो, त्याचा फोटो काढतात. तो फोटो चौकटीत घालून निर्मळला भिंतीवर लागणार. पुढच्या भाऊबीजेला मी त्याच्याखाली जेवायला बसणार.

मी म्हटलं, "चौथ्या वर्गात पळवा."

मग पुष्कळ गणित सांगितलं. अर्ध्या किलोला एक गुण, अंतराला वजन, वजनाला वेग. अर्धं तिथल्या तिथे रचलेलं. श्रीरंगराव शाळेतल्या मुलासारखे मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "अगदी बरोबर दादा. पायावर भार कमी. माझ्या मनात तेच होतं, पण धीर होत नव्हता."

पायाचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

अशू पाणी घेऊन आली होती, सगळं ऐकत उभी होती. तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. माझं गणित तिला पटलं असावं.

रविवार, २३ एप्रिल

आज सगळे गेलो. मीसुद्धा, उघडपणे. श्रीरंगरावांनी मला आत नेलं, मालकांच्या जागेत. तिथून घोडे जवळून दिसतात. कोरलने मला ओळखलं, नथूच्या हातून मान वळवून बाहीकडे आली. बाजूच्या सूटवाल्याने विचारलं, "तुमची का?" मी म्हटलं, "घरचीच."

बारा घोडे सुटले. कोरल वळणावर शेवटून दुसरी. मला हेच हवं होतं. मग सरळ पट्टीत आले आणि ती बाहेरून निघाली. एकाला टाकलं, दोघांना टाकलं. पुढचं मला नीट सांगता येत नाही. वसुंधरा म्हणते मी खुर्चीवर चढलो होतो. "चल बाळा, चल" असं ओरडत होतो म्हणे. माझा घसा बसलाय एवढं खरं.

चौथी आली. नंबरात नावसुद्धा धडपणे लागलं नाही, तरी श्रीरंगराव रडत होते. ट्रेनरने पाय चाचपला, थंड होता. म्हणाला, "आज साठ किलो घेऊन पळाली असती तर पाय मोडूनच आली असती. चांगला निर्णय घेतलात." श्रीरंगरावांनी सगळ्यांसमोर मला मिठी मारली. "माझा नाही, यांचा निर्णय. आमचे दादा." सूटवाल्याने माझा हात हातात घेतला.

गाडीत सगळे माझं कौतुक करत होते. अशूने माझा कोपर धरला होता. खिडकीबाहेर बघत होती.

सोमवार, २४ एप्रिल

सकाळी ओटीवर पेपर तपासत बसलो होतो. अशू समोर येऊन बसली.

"बाबा, कोरलला तुम्ही पाचव्यात का नाही पळवलं? जिंकली असती."

"वजन," मी म्हटलं. "जिंकली असती, पण मोडली असती. वरच्या वर्गात हलकं पळणं बरं."

"मग मला इथे का पळवताय?"

मी लाल पेन खाली ठेवलं.

"विरारला मी पहिली येईन. पण सगळं वजन माझ्यावरच असणार ना बाबा? मास्तरांची मुलगी, पहिलीच यायला हवी. परळला माझ्याहून हुशार मुलं असतील. मी शेवटून दुसरी असेन, मला चालेल. तुम्हीच सांगितलंत तसं."

मी अठ्ठावीस वर्षं पोरांचे मुद्दे खोडलेत. हा मुद्दा खोडायचा तर एकच मार्ग होता. मी तो सल्ला का दिला होता, ते तिला सांगायचं. ते सांगता येण्यासारखं नाही.

"विचार करतो," म्हटलं.

"थँक्यू बाबा," ती म्हणाली. मी अजून हो म्हटलं नव्हतं.

गुरुवार, १५ जून

अशूला प्रवेश मिळण्याजोगे गुण आहेत. गणितात सगळ्यात कमी. पेढे वाटले. बेसिल म्हणाला, "मास्तर, पोरगी चाल्ली मग." मी म्हटलं, हो.

रविवार, ३० जुलै

आज अशूला परळला सोडलं.

मागची खोली निळी आहे. टेबल, दिवा, कपाट, सगळं नवं. छताच्या कडीला संपदाने एक कापडी पक्षी टांगलाय. मी त्या कडीखाली उभा राहून वर बघितलं. झोपाळ्याची कडी इतकी लहान नसते, पाळण्याची असते. ती कशासाठी लावली होती हे मला आज कळलं, बारा वर्षांत वसुंधराला कधीच कळलं असणार. संपदा चादर नीट असतानाही पुन्हा पुन्हा नीट करत होती.

मग चहा-पोहे झाले. चौघंजण टेबलाभोवती, मी खिडकीपाशी. श्रीरंगराव बशी घेऊन माझ्या शेजारी आले. म्हणाले, दर शनिवारी मी स्वतः तिला नंदाखालला आणून सोडणार, एक शनिवार चुकणार नाही. मग जरा थांबले.

"दादा, एक सांगू? घोडी घेतली ना, तेव्हापासून सगळे बदलले. गोदामातले, नात्यातले, मित्रसुद्धा. तोंडावर गोड, मागे जळायचे. कुणाला काही विचारायची सोय राहिली नाही, खरं सांगतील याची खात्री नव्हती. एकट्या तुम्हाला माझा कधी हेवा वाटला नाही. म्हणून त्या दिवशी उठून तुमच्याकडेच आलो."

माझ्या हातातली बशी मी खिडकीत ठेवली. काहीतरी म्हणायला हवं होतं, म्हणून म्हणालो, "पोहे छान झालेत."

वसुंधरा माझ्याकडे बघत होती. अशू बघत नव्हती. ती मान खाली घालून बशीतले शेंगदाणे एकेक करून बाजूला काढत होती.

"काका," ती वर न बघता म्हणाली, "बाबांना अजून थोडा चहा दे ना."